यंत्रस्वामींचा अंगठा

अक्कलकोट रोड एमआयडीसीत दुपारची सुट्टी झाली की टॉवेल विणणारे कामगार सावली बघून डबे उघडतात. त्या गुरुवारी मात्र डबे पिशवीतच राहिले. अख्खी गल्ली कुमारच्या गॅरेजपुढे लोटली होती. सायकली कंपाउंडला टेकवून माणसं टाचा उंचावून बघत होती. मागचे पुढच्यांना "काय झालं?" विचारत होते आणि पुढचे "गप की रं" म्हणून त्यांना दटावत होते.

गॅरेजच्या दारात ट्रकच्या टायरांचं सिंहासन, त्यावर भगवी शाल आणि शालीवर यंत्रस्वामी ईश्वरप्पा महाराज. 'यंत्रस्वामी' ही पदवी महाराजांनी स्वतःच स्वतःला दिलेली होती, त्यामुळे ती काढून घ्यायचा अधिकार कुणाला नव्हता.

"इंजिन म्हंजे देह!" महाराज गरजले. "पेट्रोल म्हंजे रगत! आन् आत वर-खाली नाचतो त्यो पिस्टन म्हंजे काय?"

"प्राण!" गर्दी ओरडली. दोन आठवड्यांत तिला उत्तरं पाठ झाली होती.

"प्राणात पाप आसलं तर गाडी पळंल का?"

"न्हाय!"

कुमारने नवाकोरा पिस्टन महाराजांच्या हातात दिला. मुठीएवढा, अॅल्युमिनियमचा, आरशासारखा लखलखीत. महाराजांनी उजवा अंगठा तीर्थाच्या वाटीत बुडवला. त्या अंगठ्याला कायम एक खरखरीत चिंधी गुंडाळलेली असे. व्रताची, असं ते सांगत. डोळे मिटून, पुटपुटत त्यांनी पिस्टनचा माथा खसाखसा चोळला आणि तो कुमारच्या तळहातावर ठेवला.

बघता बघता त्या चकचकीत माथ्यावर पांढरी राख उगवू लागली. बुरशीसारखी, केसाळ, हळूहळू वर येणारी राख.

"तापलाय!" कुमार चटका बसून म्हणाला. "महाराज, लई तापलाय हो!"

"कारखान्याचं पाप हाय ते, लेकरा. भाईर पडतंय." महाराजांनी लाल फडक्यातून स्वतःचा 'सिद्ध' पिस्टन काढला, त्याच तीर्थात अंगठा बुडवून तोही चोळला. राखेचा कणही आला नाही. "ह्यो बग. शुद्ध!"

लोकांनी तोंडात बोटं घातली. कुणीतरी नारळ फोडला.

गर्दीपासून लांब, फाटकाशी एक बाई उभी होती. कुमारची थोरली बहीण सुकन्या. ती पॉलिटेक्निकमध्ये यंत्रशाखेला शिकवते. भावाच्या गॅरेजात ती सात-आठ महिन्यांनी पाऊल टाकत होती, आणि अजून तिने ते टाकलं नव्हतंच.

दोघांचे वडील, आबा, गिरणीत फिटर होते. दोघांनाही इंजिनाचं वेड त्यांनीच लावलं. आबांचा घरचा एक नियम होता: कुठलाही भाग एकानं मोजायचा, आकडा मनात ठेवायचा, मग दुसऱ्यानं मोजायचा. दोघांचे आकडे जुळले तरच माप खरं. "एकट्याच्या डोळ्यावर भरोसा ठिवू नगा, माज्याबी न्हाय," असं ते म्हणत. आबा गेले. त्यांचा केसभर फरकही दाखवणारा मायक्रोमीटर सुकन्याच्या कपाटात राहिला, आणि कुमारने जुन्या गाडीला इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो बसवून शर्यतीत उतरायचं मनावर घेतलं. गेल्या शर्यतीत भर वेगात त्याच्या इंजिनाचा पिस्टन फुटला, गाडी गरगरत कठड्याला घासली. तो थोडक्यात वाचला. सुकन्याने आधीच सांगितलं होतं की टर्बोच्या दाबाला साधा ओतीव पिस्टन टिकणार नाही. दवाखान्यात तिने ते पुन्हा सांगितलं. बरोबरच सांगितलं, पण तेव्हा सांगायला नको होतं.

"तू पोरांना फळ्यावर शिकव," तो म्हणाला होता. त्यानंतर फोन नाही, दिवाळीला येणं नाही. विजापूर रोडच्या फ्लॅटमध्ये सुकन्या एका माणसाचा कुकर लावायची, आणि तेवढा भातसुद्धा उरायचा.

गर्दी पांगल्यावर ती पुढे झाली.

"अक्का? तू कशाला आलीस?" कुमारने सिद्ध पिस्टनांचं लाल फडकं पाठीमागे धरलं.

"रविवारी शर्यत आहे ना? हेच बसवणार?"

"हेच. महागड्या फोर्ज्ड पिस्टनांच्या निम्म्या किमतीत. आणि आयुष्यभर टिकणारे."

"मोजलेस?"

"मोजायचे नाहीत. बसवेपर्यंत फडकंही सोडायचं नाही." तो नजर चुकवून म्हणाला. "खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो, त्या दिवशी त्यांना काम लावतो का? नाही ना? या पिस्टनांना कायमची नवमी लागलीय. गेज लावलं की तेज जातं."

सुकन्याला हसू येईना. महाराजांनी काय शोधून काढलं होतं! खंडेनवमी या गल्लीत प्रत्येक जण पाळतो, पाना-हातोडीला झेंडूची माळ घालतो. त्या भल्या चालीतूनच या गृहस्थाने आपल्या मालाला कुणी हात लावू नये याची सोय केली होती. आणि आबांचा मुलगा न मोजलेला पिस्टन घालून जिवावर उदार व्हायला निघाला होता.

"कुमार, माझ्यासाठी एकदा..."

"तुला मी बरोबर असलेला बघवतच नाही, अक्का."

ती परत निघाली. फाटकाबाहेर केराबाईची चहाची टपरी. केराबाईने न विचारता कप पुढे केला. "भावाला काय बोलू नगा आता. त्याच्या डोस्क्यात म्हाराज बसल्यात," ती म्हणाली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. जुनं, पोचे पडलेलं अॅल्युमिनियमचं झाकण. सुकन्या त्या झाकणाकडे बघतच राहिली.

पॉलिटेक्निकच्या अडगळीत असाच एक अॅल्युमिनियमचा ट्रे पडला होता. मागे कधीतरी त्यात थर्मामीटर फुटला, पारा सांडला, आणि दुसऱ्या दिवशी ट्रेवर पांढरी केसाळ राख उगवलेली दिसली. तिने जाऊन तो ट्रे पुन्हा पाहिला. मग तिला महाराजांचे हात आठवले. लोकांचा पिस्टन चोळताना उजवा अंगठा, चिंधीचा. स्वतःचा चोळताना डावा.

महाराजांना शनिवारी खास बोलावणं होतं. कुमारच्या इंजिनात सिद्ध पिस्टन बसण्याआधीची पूजा. गल्ली पुन्हा भरली. आरती संपली तशी सुकन्या गर्दीतून वाट काढत पुढे आली. तिच्या हातात केराबाईचं झाकण होतं.

"महाराज, एवढ्याला अंगठा लावता का?"

"चहाचं झाकान?" महाराज हसले. "बाई, ह्यात इंजिनचं पाप कुटलं?"

"मग राख येणारच नाही. लावा की."

"देवाची परीक्षा बगती व्हय?"

"देवाची नाही. झाकणाची."

गर्दीत खसखस पिकली. गर्दीचं एक असतं, तिला चमत्कार आवडतो आणि दुसरा चमत्कार त्याहून जास्त आवडतो. "लावा की म्हाराज!" मागून आवाज आला. "व्हय व्हय, लावा!"

महाराजांनी डावा अंगठा बुडवला.

"उजवा," सुकन्या म्हणाली. "माझ्या भावाच्या पिस्टनला लावलात तोच."

महाराज कुमारकडे बघू लागले, गर्दी महाराजांकडे. काढता पाय घ्यायला जागा नव्हती. मागे इंजिन लटकत होतं. त्यांनी उजवा अंगठा झाकणावरून हलकेच फिरवला. "चोळा की नीट!" केराबाई ओरडली. त्यांनी चोळलं.

थोड्या वेळाने झाकणावर पांढरी राख उगवली.

"अवो म्हाराज!" केराबाईने कपाळाला हात लावला. "माज्या झाकनानं काय पाप केलं? जलमभर चहाच झाकलाय की त्यानं!"

हशा उसळला. तो ओसरायच्या आत सुकन्याने लाल फडकं सोडलं, सिद्ध पिस्टनचा माथा स्क्रू ड्रायव्हरने खरवडला. वरून व्हार्निशचा पापुद्रा निघाला. "आता हा. उजव्यानेच."

महाराजांनी नकार दिला. पण गॅरेजातल्या दोघा मेकॅनिकांनी त्यांचं मनगट अदबीनेच धरलं होतं. सिद्ध पिस्टनलाही राख आली. तापलाही.

"पाप नाही आणि पुण्यही नाही," सुकन्या सांगू लागली. "त्या चिंधीत पाऱ्याचा क्षार आहे. अॅल्युमिनियमवर हवेमुळे ऑक्साइडचा एक पातळ थर बसलेला असतो, तो त्याला जपतो. चिंधीने खरवडलं, पारा लागला, की तो थर परत धरत नाही. धातू हवेत भराभरा गंजतो, तापतो, त्याची राख होते. म्हणून विमानात पारा नेऊ देत नाहीत, विमान अॅल्युमिनियमचं असतं. यांच्या पिस्टनला व्हार्निश होतं आणि अंगठा डावा, बिनचिंधीचा होता. बाकी हा बाजारातला स्वस्त ओतीव पिस्टन आहे. केराबाई, ते झाकण टाकून द्या, पारा विषारी असतो. मी नवं आणते. आणि महाराज, तुम्हीही अंगठा दवाखान्यात दाखवा."

"मग सस्त्यात टिकाऊ काय घ्यायचं, म्याडम?" एका पोक्त मेकॅनिकने विचारलं.

"गाडीला काय लागतं ते आधी बघायचं. टर्बोचा दाब जास्त ठेवायचा असेल तर ठोकून घडवलेला, फोर्ज्डच. तेवढी ऐपत नसेल तर दाब कमी करायचा आणि चांगल्या कंपनीचा ओतीव घालायचा. शर्यत हराल, पण घरी याल. कुठलाही घ्या, सिलिंडरमधली फट मात्र बनवणाऱ्याने सांगितली तेवढीच हवी. त्यासाठी मोजायला लागतं. जो म्हणतो मोजू नका, त्याच्याकडून काहीच घेऊ नका. हात जोडायचे तर जोडा, पण माप घ्या."

महाराज गर्दीच्या गडबडीत शाल टाकून पसार झाले, तीर्थाची वाटीसुद्धा विसरले. लोक हसत, एकमेकांना टाळ्या देत पांगले. जो तो म्हणत होता, मला पहिल्यापासून संशय होता. सुकन्याला कुणी काही म्हणालं नाही.

कुमार शटरशी उभा होता. "गिऱ्हाइकांपुढं माझी लाज काढलीस," तो म्हणाला. त्याने शटर ओढलं. सुकन्या बराच वेळ बंद शटरपुढे उभी राहिली. खरं सांगून झालं होतं, आणि ज्याने ते ऐकायला हवं होतं तोच माणूस पत्र्याच्या पलीकडे होता.

रविवारी तिने दिवसभर फोन हातात ठेवला. तो गेला का शर्यतीला, काय घालून गेला? सोमवारी ती नवं झाकण घेऊन टपरीवर गेली, तेव्हा केराबाई आपणहून म्हणाली, "गाडी हितंच हाय, ताडपत्री टाकून. गेला न्हाय त्यो." सुकन्याला तिथेच रडू आलं. केराबाईने चहात साखर जास्त घातली.

त्यानंतर कुमारकडून पुन्हा काही नाही. एका माणसाचा कुकर, उरलेला भात. आपण बरोबर आहोत याची सोबत किती थोडी होते, हे तिला त्या दिवसांत कळलं.

पुढच्या रविवारी, टळटळीत दुपारी, बेल वाजली. दारात कुमार, घामेजलेला, हातात खोका. तो आत आला नाही.

"अलॉय व्हील्स विकली. फोर्ज्ड सेट घेतला," तो खोक्याकडे बघत म्हणाला. "सकाळी मी मोजलेत. आता तू मोज."

तिने कपाटातून आबांचा मायक्रोमीटर काढला. उंबऱ्याच्या आत ती, बाहेर तो. तिने पिस्टन धरला, कड नीट बसवली, आकडा वाचला. दुसरा धरला. सगळे मोजले.

"सांग," ती म्हणाली. त्याने सांगितले.

तिने मान हलवली. "जुळत नाहीत. माझे सगळे जास्त येतात. अगदी केसभर."

कुमारचा चेहरा उतरला. "म्हणजे मी चुकलो?"

"कोणीच नाही चुकलं. हात लावून बघ." पिस्टन कोमट होता. "बाइकवरून उन्हातून आणलास. अॅल्युमिनियम उन्हाने फुगतं. गार होऊ दे, मग मोजू."

"किती वेळ लागेल?"

"लागेल वेळ."

कुमारने दाराशी चपला काढल्या. सुकन्या कुकरमध्ये आणखी एक मूठ तांदूळ घालायला आत गेली.