खरवडलेली तारीख

ऋतुजाने लॅपटॉप असा मिटला की सुपातली शेंगांची टरफलं उडाली.

"अगं, हळू. मोडंल की ते," मथुराबाई म्हणाल्या.

"मोडू दे. दोन वर्षं घातली त्यात, आज्जी. आणि आता म्हणायलेत, हे लागतं कुणाला?"

"कोण म्हणायलंय?"

ऋतुजाने कपाळाला हात लावून सांगितलं. जगभरातली माणसं मिळून एक डेटाबेस बांधतात, म्हणजे नोंदी ठेवायची यंत्रणा. तिला मालक नाही. दवाखान्याने वापरावी, कारखान्याने वापरावी, फुकट. तिच्यात नवं काही घालायचं तर आधी ईमेलवर सगळ्यांपुढे मांडायचं, आणि मग महिनोन्‌महिने लोक ते पारखत बसतात. ऋतुजाने मांडलं होतं ते एवढंच: नोंद दुरुस्त केली तरी जुनी तिच्यामागे राहावी, आणि अमुक दिवशी आपण काय खरं मानत होतो, हे नंतर कधीही विचारता यावं. फिनलंडच्या एका जाणत्या गृहस्थांनी शंका काढली होती. चूक सुधारल्यावर ती जपायची कशाला? एक खरंखुरं उदाहरण द्या. शुक्रवारपर्यंत दिलं नाही, तर तिचं काम बाजूला पडणार होतं.

मथुराबाईंच्या बोटांतली शेंग फुटायची राहिली. सोलापुरातल्या मुलींच्या एका शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं क्लार्कची नोकरी केली होती.

"आमच्यात झालं होतं एकदा असं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"यशोदा म्हणून पोरगी होती. बाप मागावर बसायचा. त्यानं जन्माचा दाखला आणला, तर रजिस्टरात तारीख दुसरीच. दुरुस्त करायची होती. हापिसात ती ब्लेडनं खरवडली आणि नवी लिहिली. दिसायला अगदी स्वच्छ." त्यांनी अंगठ्याने सूप खरवडल्यासारखं केलं. "पुढं नर्सिंगला नंबर लागला तिचा. तिचे आधीचे कागद जुन्या तारखेचे, रजिस्टरात नवी. तिकडचा साहेब म्हणाला, ही खाडाखोड आहे, पोरीनं वय चोरलंय."

"मग?"

"मग पान खिडकीपाशी उन्हात धरलं. टाकाचा दाब कागदात उरला होता, जुने आकडे दिसले. शेजारी लाल शाईनं लिहिलं, आधी काय होतं, कधी बदललं, का बदललं. खाली तारीख, सही. पोरीला घेतलं त्यांनी."

ऋतुजा ताठ बसली. "आज्जी! तू वाचवलंस की तिला!"

मथुराबाईंनी तोंड उघडलं. पण नातीचा चेहरा कितीतरी दिवसांनी असा खुलला होता, आणि लॅपटॉप पुन्हा उघडला गेला होता. त्यांनी सूप उचललं आणि आत गेल्या.

ऋतुजाने ती गोष्ट लिहून पाठवली, आणि शुक्रवारच्या आत फिनलंडहून उत्तर आलं. आता समजलं, असं त्यांनी लिहिलं होतं. आणखी चौघांनी आपापल्या कचेऱ्यांतल्या गोष्टी सांगितल्या. तीन आठवड्यांनी काम मुख्य यंत्रणेत गेलं. ऋतुजा शेजारच्या घरीही पेढे देऊन आली आणि मग तिने पडद्यावर आपल्या कामाच्या नोंदीवर बोट ठेवलं.

"हे वाच. या कल्पनेमागचं खरं उदाहरण: मथुरा हिरेमठ, सोलापूर. ज्यांनी लाल शाईने नोंद वाचवली. हे आता कायमचं, आज्जी. जगात कुठंही दिसतं."

मथुराबाईंनी पेढा हातातच धरला.

"कायमचं म्हणजे? काढता येत नाही?"

"नाही. एकदा गेलं की गेलं. का गं?"

"ब्लेड माझं होतं."

ऋतुजाने पडद्यावरचं बोट काढलं.

"नवीन होते. बाविशीतली. खरवडलं मीच. लाल शाईनं लिहिलं ते हेडक्लार्कनी, मंजुनाथ अण्णांनी. 'चूक कार्यालयाची' असं लिहून खाली स्वतःची सही ठोकली. माझं नाव कुठंच येऊ दिलं नाही. पर्मनंट व्हायची होते मी अजून." त्यांनी पेढा वाटीत ठेवला. "मी रडायला लागले तर म्हणाले, 'रडती कशाला? चहा सांग दोन. आणि ध्यानात ठेव, जुनी तारीख चुकीची असंल, पण ती आपण एकदा खरी म्हणून लिहिली होती, हे तर खरंच हाय की.' मी चहा सांगितला. आभार मानायचे राहिले. ते रिटायर होऊन अक्कलकोटला गेले, तिकडंच वारले."

"त्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

"तू लई खूश होतीस."

ऋतुजा म्हणाली, "पण ते आता खरंच काढता येत नाही, आज्जी."

"काढ कोण म्हणतंय? ब्लेड पुन्हा लावू का मी?" मथुराबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि पदराने चष्मा पुसला. "वरचं तसंच राहू दे. वाचता आलं पाहिजे. त्याच्याखाली नवं लिहिता येतं का?"

"येतं की. त्याच्याखालीच दुरुस्तीची नवी नोंद जोडता येते."

"मग लिही. लाल शाईची नोंद मंजुनाथ स्वामी, हेडक्लार्क, यांची. वर नाव चुकून दुसरं पडलं."

ऋतुजाच्या बोटांनी टाइप केलं आणि ती थांबली. "चूक कुणाची लिहू? माझीच आहे. मीच विचारलं नाही नीट. कार्यालयाची लिहू का?"

मथुराबाई हसल्या, डोळे भरलेले असतानाच हसल्या.

"नको. चुकीखाली तेवढी सही माझी टाक," त्या म्हणाल्या. "अक्षरं लाल होतात का गं?"

"तिथं रंग नसतो."

"बरं," मथुराबाई म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवली. "मग आजची तारीख घाल."