सायकलमागे धावणारे बाबा

पान वाढून झालं तशी मी खुर्चीवर चढले. फोटो वरून चांगला येतो. खीर, उडदाचे वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. बाबांचं मासिक श्राद्ध होतं.

"उतर खाली," आई म्हणाली. "कावळ्याचं पान अजून गच्चीवर जायचंय. आधी त्यांना, मग तुझ्या फोनमधल्या लोकांना."

मी उतरले. पण फोटो निघाला होता आणि त्याखालचं वाक्यही तयार झालं होतं : बाबा, आज तुमच्या आवडीची गवार. बाबा गवार ताटात बाजूला सारून ठेवत. वाक्य मात्र छान जमलं होतं.

बाबा गेल्यानंतरच्या आठवड्यात मी फेसबुकवर त्यांच्याविषयी लिहिलं. पिपलानीतलं आमचं कारखान्याचं क्वार्टर, समोरचा रुंद रस्ता, संध्याकाळ. मी सायकल शिकतेय, कॅरियर धरून बाबा मागे धावताहेत आणि मला न सांगता हात सोडून देताहेत. ओळखीपाळखीचे नसलेले लोकही त्यावर रडले. पुण्याची सायली, माझी आतेबहीण, हिने ते पुढे पाठवलं. मराठी मंडळाच्या मंजूषाताईंचा फोन आला : अरेरा कॉलोनीत तुझ्या बाबांची, विश्वासरावांची स्मरणसभा ठेवली आहे, हाच लेख तू वाच.

ती सभा आज संध्याकाळी होती.

लेख टाकल्यापासून फोन हातातून सुटत नव्हता. दूध उतू जाई आणि मी बघत असे, कोणी काय लिहिलं. नवीन कोणी लिहिलं की क्षणभर वाटे, बाबा अजून कुठेतरी चालू आहेत. मग ते विरून जाई. मग मी पुन्हा बघे. रात्रीची झोपमोड, दिवसा चिडचिड, आणि तरी अंगठा आपला सरकतोच आहे.

आई गच्चीवरून आली. हात धुता धुता म्हणाली, "संध्याकाळी ते सायकलचंच वाचणार?"

"हो. का?"

"श्रीकांतभावजी समोर बसलेले असतील."

"मग?"

"सायकल त्यांनी शिकवली तुला."

मी हसले. आई हसली नाही. श्रीकांतकाका म्हणजे पिपलानीतले आमचे शेजारी, कारखान्यात बाबांच्याच शॉपमध्ये, म्हणजे विभागात, होते. पंगतीला आज त्यांनाच बोलावलं होतं.

"मग तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला विचारलंस कुठे? तू लिहिलंस, लोकांनी वाचलं. मीही तिथेच वाचलं."

मी फोन उघडला. त्या लेखाखाली काकांची ओळ होती, सगळ्यात वरच्यांपैकी. 'अगदी खरं लिहिलंस बेटा.' आणि जोडलेले हात.

काका आले तेव्हा मी दारातच उभी होते.

"काय करून राहिली इथे? वडे जळतील ना."

"काका, सायकल मला कोणी शिकवली?"

त्यांनी चपला सावकाश काढल्या. आईकडे पाहिलं. "वहिनी, सांगून टाकलं वाटतं."

"तुम्ही 'अगदी खरं' लिहिलंत!"

"मग काय लिहू? इतके सारे लोक रडून राहिले आणि मी मध्येच जाऊन सांगू, की भाई, धावणारा माणूस मी होतो?" ते पाटावर बसले. "आणि विश्वासचं कसं आहे, जिंदगीत एकदा तरी धावला बिचारा. धावू दे, म्हटलं."

आईला हसू आलं. तिने पदर तोंडाला लावला.

"पण मग बाबा कुठे होते?" माझा आवाज चढला. "मला ते दिसतात, काका. मागे वळून पाहिलं तर दिसतात." बोलतानाच शंका आली. मी इतकं वाचते. मुलीची सायकल धरून धावणारा बाप कुठल्या पुस्तकातून माझ्या रस्त्यावर आला असेल, कोण जाणे.

"घरात होता," काका म्हणाले. "मला म्हणे, तू शिकव, माझ्याच्यानं बघवणार नाही. एक ट्रक येताना दिसला की याचा जीव वरखाली. आत गेला, दार लावलं, रेडिओ मोठा केला. तू पडलीस तर आवाज ऐकू येऊ नये म्हणून."

रेडिओ.

रेडिओ मला आठवत होता. गुडघा फुटलेला, मी रडत घरात आले आणि रेडिओ कर्कश्श चालू. बाबा पाठमोरे. न वळताच विचारलं, "फार लागलं का?" बाबांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. लिहिताना तो रेडिओ मी वगळला होता. तो कुठे बसत नव्हता.

डोळे भरून यायच्या आत डोक्यात पहिली ओळ आली : माझे बाबा धावले नाहीत. चांगली ओळ होती. हात फोनकडे गेलाही होता.

"मृणाल," आई म्हणाली. एवढंच.

मी मंजूषाताईंना फोन लावून सांगितलं की मी काही वाचणार नाही. त्या म्हणाल्या, "अगं, पत्रिकेत छापलंय." मी म्हटलं, श्रीकांतकाका दोन शब्द बोलतील. काका पाटावरून जोरजोरात नको म्हणून हात हलवत होते. मग लेख काढून टाकला. फेसबुकही फोनमधून काढलं. पुन्हा कधी घेईन, ते ठरवलं नाही.

जेवायला बसलो. घास घेताना हात दोनदा फोनपाशी गेला आणि रिकामा परत आला. तळव्याला काहीतरी चावत असल्यासारखं होत होतं.

"रेडिओवर काय लागलं होतं?" मी विचारलं.

काकांना आठवेना. "गाणी असतील."

"कसली गाणी," आई खीर वाढत म्हणाली. "मंडीचे भाव. सोयाबीन, चना, गहू. घरभर ओरडून सांगत होते. आणि हे कान देऊन ऐकताहेत, जसं काही उद्या पोतंभर सोयाबीन विकायला न्यायचंय."

काकांना ठसका लागला. मी त्यांना पाणी दिलं आणि आईला म्हटलं, "अजून सांग."