खापरं

वसुरक्षित हा एका बौद्ध विहाराचा द्वारपंडित होता. शिकायला येणाऱ्याला दारातच प्रश्न विचारायचे, उत्तर आलं तर आत, नाहीतर चालू लाग, हे त्याचं काम. बारा वर्षांत शेकड्यांनी माणसं परतवली, कधी काही वाटलं नाही.

वर्षावासाच्या, म्हणजे भिक्षूंच्या पावसाळी मुक्कामाच्या, आधी सोणक नावाचा कुंभार आला. वसुरक्षितानं गंमत म्हणून सगळ्यात अवघड प्रश्न टाकला. आत्मा नाही, तर पुन्हा जन्मतं ते काय? खरं तर त्याला स्वतःलाही हे धड सांगता येत नव्हतं.

सोणक म्हणाला, "फुटक्या मडक्याची खापरं कुटून आम्ही नव्या मातीत घालतो, भंते. नवं मडकं काही जुनं नसतं. पण ती खापरं घातली नाहीत तर भट्टीत तडकतं."

वसुरक्षिताला उत्तर पटलं, आणि तेच झोंबलं. हे कुठल्या ग्रंथात नाही, जा, माती मळ, असं सांगून त्यानं कुंभाराला हाकललं. आणि चारच दिवसांनी बाहेरून आलेल्या वादपटूपुढे, भर सभेत, तीच खापरं स्वतःची म्हणून मांडली. वाहवा झाली. उंच आसन मिळालं. चोरी अशीही करता येते, अंगावरचं चीवर न मळवता.

तीन महिन्यांनी वर्षावास संपला आणि प्रवारणा आली. त्या दिवशी प्रत्येक भिक्षूनं संघापुढे उकिडवं बसून, हात जोडून तीनदा म्हणायचं, माझा दोष कुणी पाहिला असेल, ऐकला असेल, शंका आली असेल, तर सांगा. वसुरक्षितानं म्हटलं. कुणी तोंड उघडलं नाही. उलट थोरले स्थविर कौतुकानं हसले. ते हसू त्याला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. ज्यानं पाहिलं होतं, तो बाहेर होता.

तो मधूनच उठून दाराशी गेला. सोणक गाडीतून विहारासाठी आणलेले पाण्याचे डेरे उतरवत होता. वसुरक्षित त्याच्यापुढे धुळीत उकिडवा बसला.

"माझा दोष तू पाहिलास. सांग."

सोणकाचे हात थांबले नाहीत. "मला कशाला विचारता, भंते? तुमचे शिष्य माझी खापरं तोंडपाठ म्हणत जातात या दारातून. वाहवा जिथं घेतलीत, तिथं सांगा."

"मग आत येशील?"

"आधी तुम्ही कसोटीला उतरा."

वसुरक्षित परतला तेव्हा थोरल्यांपासून सुरू झालेली पाळी संपून सर्वांत धाकट्या भिक्षूचंही म्हणून झालं होतं. तो त्याच्याही खाली बसला. त्यानं पुन्हा तीनदा म्हटलं. पुन्हा कुणालाच दोष दिसला नाही.

"मग मीच सांगतो," तो म्हणाला. "ती खापरं माझी नाहीत."