रांगेतली लेक

शाळेतली मुलं तिला पाठीमागे ‘फणीबाई’ म्हणायची. ती शाळेची नर्स. दर महिन्याला एकेका वर्गात खिडकीशी खुर्ची टाकून बसायची. मुलं रांगेने येऊन हात पुढे करायची. ती नखं बघायची, कान बघायची, मग दोन पेन्सिलींनी केस बाजूला सारत डोकं तपासायची. उवा सापडल्या की एकच वाक्य, भिंतीजवळ उभं राहा. तिथे उभं राहिलं की पुढे आठवडाभर चिडवणं ठरलेलं, हे साऱ्या शाळेला ठाऊक होतं.

त्या वर्षी तिची स्वतःची लेक चौथीत होती. रांगेत तिचा नंबर आला तेव्हा पोरीने मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "आई, घरी बघ ना."

कानामागच्या केसांना लिखा चिकटल्या होत्या. वर्गशिक्षिका शेजारीच उभ्या होत्या. आपल्या पोरीला सोडलं तर उद्या बाकीच्या आया नावं ठेवतील, असं तिच्या मनात आलं.

"भिंतीजवळ उभी राहा," ती म्हणाली.

नंतर शिक्षिकांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं, आपपरभाव नाही म्हणून. तेव्हा तिला बरं वाटलं होतं. पुढे तिला सगळ्यात जास्त खुपलं ते हेच.

संध्याकाळी तिने लेकीला औषध लावलं, केस धुतले, मायेने विंचरले. जेवायला हाक मारली तशी पोर आली आणि आईसमोर दोन्ही हात पालथे धरून उभी राहिली. पोरीला थट्टा सुचली असं वाटून आई हसली. पोर हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आपली वेणी आपणच घालू लागली, वाकडीतिकडी. आईला तिने पुन्हा डोक्याला हात लावू दिला नाही.

तसं त्यांचं काही बिनसलं नाही. लेक शिकली, नोकरीला लागली, दूर राहायला गेली. फोनवर दुखलंखुपलं विचारायची. आई निवृत्त झाल्यावर एकदा ती चार दिवस राहायला आली. भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "त्या दिवशी माझं चुकलं गं."

कुठल्या दिवशी, हे लेकीने विचारलं नाही.

"उवांचं काही नाही, त्या अर्ध्या वर्गाला होत्या," ती म्हणाली. "तू मला ओळखच दाखवली नाहीस, ते लागलं."

तू माझी होतीस म्हणूनच तशी वागले, हे आईच्या अगदी ओठांवर आलं. पण ते ऐकून पोरीला आणखीच लागलं असतं. ती भाजी निवडत राहिली.