पीचच्या बागेतला चाकू

मित्रांनो, मी पीचच्या बागेतला एक जुना चाकू आहे आणि एक बाग माझ्या पात्याने मेली आहे. सांगायला जड जाते, पण सांगितलेच पाहिजे.

एका लोहाराने मला मोडक्या करवतीच्या तुकड्यातून घडवले. काम एकच. ज्या खोडातून डिंक गळतो, त्याची साल नखाएवढी सोलायची. रंगावर भरवसा ठेवता येत नाही, थंडीने मेलेली सालही आतून तपकिरी दिसते. म्हणून मालकीणबाईंचे धाकटे दीर तिथे नाक लावत. आंबूस वास आला, की आत जिवाणूंचा रोग आहे असे ते ओळखत. मग ते झाड तोडायचे म्हणून त्यावर लाल पट्टा ओढायचा आणि मला स्पिरिटच्या डब्यात बुडवायचे. लोक त्यांना 'नाकवाले' म्हणत. शेजारच्या बागांतून बोलावणी येत आणि मीही त्यांच्या खिशात बसून मिरवत असे.

एका हिवाळ्यात ते तापाने महिनाभर पडून होते. उठले तेव्हा नाकाला वास येईनासा झाला होता. त्यांनी कोणालाच सांगितले नाही. सालीला नाक लावून क्षणभर थांबत, "ठीक आहे" म्हणत, मला पँटला पुसत आणि पुढच्या झाडाला लावत. माझ्या पात्यावर आधीच्या झाडाची ओल तशीच असे. दोन वर्षे एकाही झाडाला पट्टा लागला नाही. घरात सगळे खूश होते.

मग एके सकाळी स्वयंपाकघरात दूध करपले. बाई बाहेरून धावत आल्या.

"भाऊजी, दुधाचा कोळसा झाला आणि तुम्ही शेगडीजवळ पेपर वाचत बसलाय?"

"वाचण्यात लक्ष होतं, वहिनी."

"वाचतात डोळ्यांनी. नाक काय करत होतं?"

बाईंनी खुंटीवरून मला उचलले आणि बागेत जाऊन, आदल्या दिवशी 'ठीक' ठरलेल्या झाडाची साल सोलली. आंबूस. पुढचे झाड, तेही आंबूस. चौथ्या झाडापाशी त्या खाली बसल्या. दीर मागे येऊन उभे होते.

"कधीपासून वास येत नाही?"

"दोन हिवाळे झाले."

"मला सांगायचं. मी हुंगलं असतं."

"मग या बागेत माझं काय राहिलं असतं?"



सालीचे तुकडे पाठवल्यावर प्रयोगशाळेनेही रोगच कळवला. तीनशे झाडांतली दोनशे साठ तोडून जाळली. उरलेली बाई तपासतात. वास येवो न येवो, दर झाडानंतर मला स्पिरिटमध्ये बुडवतात. डबा धरून दीर मागे चालतात. शेजारून आता बोलावणे येत नाही.

मित्रांनो, अवजारे स्वच्छ ठेवाच. पण घरात कोणाचे डोळे, कान किंवा नाक थकले असेल, तर त्याला ते न लाजता बोलता यावे असे वागा. दीरांनी पहिल्याच हिवाळ्यात तोंड उघडले असते, तर चार-पाच झाडांवर भागले असते.