अर्धी अर्धी पुडी

सकाळपासून माझं बूड खुर्चीला टेकत नव्हतं. पडद्यावरचे ते दोन आलेख बघायचे, उठायचं, खिडकीपाशी जायचं, परत येऊन तेच बघायचं. टेसा पेनर आणि कोल्टन क्लासन. दोघंही चार वर्षांची. दोघांच्याही मेंदूपर्यंत रक्तातली साखर नीट पोहोचत नाही, म्हणून झटके येतात. साखरेऐवजी मेंदूला दुसरं इंधन पुरवणारी एक पूड मी तपासत होते. निम्म्या मुलांना खरी पूड, निम्म्यांना तशीच दिसणारी, तशाच चवीची साधी. कुणाला कुठली, हे ना मला ठाऊक, ना आयांना. अभ्यासाचा नियमच तसा.

दोघांचेही झटके निम्म्यावर आले होते. इथवर ठीक. पण जानेवारीत हिमवादळाने रस्ते बंद झाले, त्या आठवड्यात टेसाला एकही झटका नाही आणि कोल्टनला मात्र रोज! रस्ते उघडले, की पुन्हा दोघं निम्म्यावर. औषधाला हवामान कधीपासून कळायला लागलं? कॅनडातल्या अख्ख्या मॅनिटोबा प्रांतात मला अशी जेमतेम डझनभर मुलं मिळाली होती. त्यातल्या दोघांचे आकडे असे वेडेवाकडे निघाले, तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

दुपारी टेसाची आई डार्लीन तिला तपासणीला घेऊन आली. पोरीला ठोकळ्यांपाशी बसवून ती समोर बसते न बसते तोच मी विचारलं, "वादळात कोल्टनच्या आईला भेटली होतीस का गं?"

"व्हर्नाला? कशी भेटणार डॉक्टर? गाडी अंगणातच गाडली गेली होती."

"आणि एरवी?"

मी पेनाचं बटण दाबत राहिले.

"ती टकटक थांबवा आधी, सांगते," ती म्हणाली. "दर रविवारी चर्चनंतर आम्ही दोघींच्या पुड्या मिसळतो आणि अर्ध्या अर्ध्या वाटून घेतो. कुणा एकीची खरी असली, तर दोघांच्या पोटात थोडी तरी जाईल."

माझं डोकंच फिरलं. "अगं बाई, काय करून बसलात हे!"

"तुम्ही आमच्या पोरांवर चिठ्ठ्या टाकायच्या आणि आम्ही नुसतं बघत बसायचं?"

"बरं, वादळात तुला कळलंच असेल ना, खरी कुणाकडे आहे ते?"

"न कळायला काय झालं? आठवडाभर पोरगी एकदाही पडली नाही. गाणी म्हणत होती."

"आणि तरी पुन्हा वाटलीस?"

डार्लीनचे डोळे भरले, पण आवाज चढला. "नव्हतेच वाटणार! डबा लपवून ठेवला होता मी. रविवारी व्हर्ना आली. कोल्टनच्या कपाळाला टाके. काही न विचारता तिने आपल्या पुड्या माझ्यासमोर ठेवल्या. कुठल्या तोंडाने नाही म्हणू? तुम्ही म्हणाला असतात?"

मी रागाने फोन जवळ ओढला.

"नका ना कुणाला कळवू."

"कळवावंच लागेल. या आकड्यांवरून खऱ्या-साध्या पुडीत फरकच दिसणार नाही, औषध कुचकामी ठरेल, मग ते कुठल्याच मुलाला मिळायचं नाही."

मी तिच्यासमोरच अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीला फोन लावला. ती माझ्याकडे पाठ करून टेसाचे ठोकळे आवरत राहिली.

शुक्रवारी निर्णय आला. दोन्ही मुलं अभ्यासातून बाहेर. खरी पूड टेसाचीच होती. तिला ती यापुढेही मिळणार. कोल्टनला अभ्यास संपल्यावर, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात. तोवर काही नाही. मी भांड भांड भांडले, उपयोग झाला नाही.

डार्लीनला बोलावून सगळं सांगितलं आणि नवा डबा तिच्या हातात दिला. "पूर्ण पुडी द्यायची. अर्धी दिलीस तर हिला पुन्हा झटके येणार. समजलं?"

"समजलं." तिने डबा कोटात घातला आणि टेसाला बूट चढवायला खाली बसली. एक बूट झाला, दुसरा हातातच राहिला. "रविवारी व्हर्ना येईल," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

'देऊ नकोस' हे शब्द अगदी जिभेवर होते. ते म्हणणं माझं कामच होतं. मी वाकून टेसाची टोपी कानांवर ओढली.

"रस्ता निसरडा आहे," मी म्हणाले. "जपून जा."