अकरा एकांची संख्या

ओळीने अकरा एक मांडले की जी संख्या होते, ती अविभाज्य असावी असं विजयमालाबाईंना मनोमन वाटत होतं. पण गणितात मनाला कोण विचारतो? कोरेगावच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंनी आधी एवढं सिद्ध केलं की, हिला भागणारी अविभाज्य संख्या असलीच, तर तिला बावीसने भागून एक उरलाच पाहिजे. तरी वर्गमुळापर्यंत, म्हणजे लाखाच्या थोडं पुढपर्यंत, अशा शेकडो संख्या हाताने तपासायच्या राहिल्याच.

तेव्हा त्याच शाळेतले सयाजीराव सर आपणहून पुढे आले. "बाई, तुमाला घरचंबी असतंय. वीस हजारांपत्तूर तुमी बघा, म्होरलं समदं माझ्याकडं."

वर्षभर मधल्या सुट्टीत चहाबरोबर एकच विषय.

"काय सर, गावली का?"

"कशाची गावतीय! काल पाच संख्यांनी भागलं, पाचींना बाकी."

बाईंचा चहा गोड होई.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीच्या सुट्टीत सांगलीला गणित शिक्षकांचं संमेलन भरलं. तिथे व्याख्यानाला उभी राहिलेली पहिली बाई म्हणजे विजयमालाबाई. "ही संख्या अविभाज्य आहे," असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

विट्याचे निवृत्त शिक्षक नानासो मागून उठले. "पोरी, एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं भाग की जरा. जुन्या पुस्तकात वाचल्यागत वाटतंय."

बाईंनी फळ्यावर भागाकार मांडला. सभागृहात खडूचा तेवढा आवाज. बाकी शून्य.

वीस हजारांच्या पुढे सरांनी तपासायची पहिली संख्या वीस हजार एकवीस. तिच्यापासून ही हाकेच्या अंतरावर. सरांनी खरोखर हात घातला असता, तर पहिल्या आठवड्यातच गाठ पडली असती. म्हणजे वर्षभर एकही भागाकार झालेला नव्हता.

बाईंनी समोर बसलेल्या सरांकडे पाहिलं. ते उभे राहिले, पण अध्यक्षांकडे वळून म्हणाले, "पन्नास हजारांपर्यंतचा भाग बाईंकडे होता, साहेब."

"चालायचंच," अध्यक्ष हसले. "चुलीवर दूध, हातात भागाकार!" सभागृह खदखदून हसलं. "चूक झाली म्हणा आणि बसा, बाई."

भागाकार खोडता येत नव्हता, आणि सरांचा शब्द खोडायला साक्षीदार नव्हता.

"चूक माझीच," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याने केलेला भागाकार मी न तपासता खरा धरला."

लोकांनी कबुली तेवढी ऐकली. दुसरं वाक्य टाळ्यांत गेलं.

परतीच्या एसटीत सर शेजारची जागा धरून बसले होते. "बाई, मनावर घिऊ नका. आता तेरा एकांचं बघू. निम्मं निम्मं."

"ती त्रेपन्ननेच तुटते, सर," बाई म्हणाल्या. "एवढा एक भागाकार करून बघा."

आणि दांडीला धरून कोरेगावपर्यंत उभ्याच राहिल्या.